इटालियन भाषेतील सणांच्या शुभेच्छा

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की इटलीतील कोणत्याही गावात एक शब्द वारंवार कानी पडू लागतो. पाव विकणारा गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना तो उच्चारतो, जिन्यात भेटलेली शेजारीण उच्चारते, टपालवाला पत्रे हाती देताना उच्चारतो. तो शब्द म्हणजे ‘आउगूरी’, अर्थात ‘शुभेच्छा’. परक्या प्रवाशाला वाटते की एवढा एक शब्द पाठ केला म्हणजे सणासुदीच्या दिवसांत आपले काम भागेल. काही अंशी ते खरेही आहे. परंतु त्या देशात काही काळ राहावयाचे असेल, तेथील माणसांशी संबंध जोडावयाचे असतील, तर एवढ्यावर थांबून चालत नाही.

इटालियन भाषेत सणाची शुभेच्छा देताना तीन ठिकाणी मेळ साधावा लागतो. सणाचे जे नाव घ्यावयाचे त्या नामाशी विशेषणाचा मेळ असावा लागतो. ज्या दिवशी शुभेच्छा द्यावयाची त्या दिवसाशी शब्दांचा मेळ असावा लागतो. आणि ज्या व्यक्तीला ती द्यावयाची तिच्या वयाशी, मानाशी व मनःस्थितीशीही मेळ असावा लागतो. पहिला मेळ चुकला तर ऐकणारा हसून सोडून देतो. दुसरा चुकला तर तो क्षणभर गोंधळतो. तिसरा चुकला तर मात्र माणूस दुखावला जाण्याचा संभव असतो. या तिन्हींचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पक्षी आणि शकुन

‘आउगूरी’ हे ‘आउगूरियो’ या नामाचे अनेकवचन होय. त्याचे मूळ ‘आउगूरियुम’ या लॅटिन शब्दात आहे. प्राचीन रोममध्ये ‘आउगुर’ नावाचे पुरोहित असत. पक्षी कोणत्या दिशेने उडाले, किती उडाले, कसे ओरडले याचे निरीक्षण करून देवांचा कौल सांगणे हे त्यांचे काम होते. त्यांनी अनुकूल कौल दिल्यावाचून राज्याचे कोणतेही महत्त्वाचे कार्य आरंभिले जात नसे. रोम नगराच्या स्थापनेच्या आख्यायिकेतही हा विधी आढळतो. नगर कोणाच्या नावाने वसवावे याविषयी दोघा जुळ्या भावांत वाद झाला, तेव्हा रेमसला सहा गिधाडे दिसली आणि रोम्युलसला बारा, असे ती कथा सांगते.

भारतीय वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. संस्कृतातील ‘शकुन’ या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. पक्ष्यांवरून शुभाशुभ जाणण्याच्या प्रथेमुळे तोच शब्द भावी घटनेच्या सूचनेला लागू झाला. म्हणजे ‘आउगूरी’ म्हणणारा मनुष्य, त्याला जाणीव असो वा नसो, समोरच्याच्या मार्गावर एक शुभशकुन ठेवीत असतो.

शकुनाच्या या जुन्या कल्पनेची खूण आजच्या वागणुकीतही आढळते. इटलीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देणे अशुभ मानणारे लोक पुष्कळ आहेत. जो दिवस अद्याप उगवलेला नाही त्याविषयी आधीच बोलून दैवाला डिवचू नये, अशी त्यामागील भावना असते. नाताळ व नववर्ष यांना हा नियम लागू नाही. सुट्टीपूर्वी ज्यांची भेट शेवटची होणार, त्यांना आठवडाभर आधी शुभेच्छा देणे तेथे रीतीला धरूनच असते.

नामाशी मेळ

मराठी भाषिकाला इटालियन व्याकरणाचा हा भाग सोपा वाटतो, कारण विशेषणाने नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मराठीत आपण चांगला दिवस, चांगली रात्र आणि चांगले वर्ष म्हणतो. इटालियनमध्ये नपुंसकलिंग नाही. पुल्लिंग व स्त्रीलिंग ही दोनच लिंगे आहेत. ‘चांगला’ या अर्थाचे ‘बुऑनो’ हे विशेषण बहुतेक पुल्लिंगी एकवचनी नामांपूर्वी आपला अंत्य स्वर टाकून ‘बुऑन’ असे होते. स्त्रीलिंगी एकवचनापूर्वी ते ‘बुऑना’ होते आणि स्त्रीलिंगी अनेकवचनापूर्वी ‘बुऑने’. सणांच्या नेहमीच्या शुभेच्छा या तीन रूपांनी तयार होतात :

बुऑन नाताले : नाताळच्या शुभेच्छा.
बुऑन आन्नो : नववर्षाच्या शुभेच्छा.
बुऑना पास्क्वा : ईस्टरच्या शुभेच्छा.
बुऑन फेर्रागोस्तो : १५ ऑगस्टच्या सणाच्या शुभेच्छा.
बुऑने फेस्ते : सणाच्या सर्व दिवसांच्या शुभेच्छा.

‘नाताले’, ‘आन्नो’ व ‘फेर्रागोस्तो’ ही नामे पुल्लिंगी आहेत. ‘पास्क्वा’ स्त्रीलिंगी आहे. ‘फेस्ते’ हे ‘फेस्ता’ या स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन आहे. ‘सुखी’ या अर्थाचे ‘फेलीचे’ हे विशेषण मात्र एकवचनात लिंगानुसार बदलत नाही. ‘फेलीचे आन्नो नुऑव्हो’, म्हणजे ‘नवे वर्ष सुखाचे जावो’, हे वाक्य शुभेच्छापत्रांवर नेहमी छापलेले आढळते.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘नवे वर्ष आपणांस सुखाचे जावो’ असे मराठीत म्हणताना इच्छेचा भार ‘जावो’ या क्रियापदावर असतो. इटालियनमध्ये नित्याच्या शुभेच्छेत क्रियापद नसतेच; विशेषण आणि नाम मिळून ती पूर्ण होते. मराठी वाक्याचे शब्दशः रूपांतर करू पाहणाऱ्याचे वाक्य म्हणूनच लांब व अवघड होऊन बसते. क्रियापदाची गरज पत्रात भासते. तेथे ‘ती आउगूरो’, म्हणजे ‘मी तुला इच्छितो’, असा आरंभ करून पुढे सणाचे नाव जोडतात.

उच्चाराबाबत दोन सूचना पुरेशा आहेत. इटालियन भाषेतील ‘त’ व ‘द’ हे मराठीतल्याप्रमाणे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने ‘नाटाले’ म्हणण्याचे कारण नाही. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. ‘आन्नो’ या शब्दातील ‘न’ जोडाक्षरयुक्त आहे आणि मराठीतील ‘अन्न’ या शब्दाप्रमाणे तो ठासून उच्चारला पाहिजे. एकच ‘न’ उच्चारल्यास तो शब्द शरीराच्या गुह्य भागाचा वाचक होतो आणि शुभेच्छा देणाऱ्याची फजिती होते. इंग्रजी भाषिकांना हा भेद फार जड जातो. ज्यांच्या भाषेत ‘पता’ आणि ‘पत्ता’ हे निराळे शब्द आहेत, त्यांना तो जड जाऊ नये.

‘नाताले’ आणि नाताळ

‘नाताले’ हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटतो, आणि तो योगायोग नव्हे. ‘जन्मासंबंधीचा’ या अर्थाच्या ‘नातालिस’ या लॅटिन विशेषणापासून इटालियन ‘नाताले’ आणि पोर्तुगीज ‘नाताल’ हे दोन्ही शब्द आले. पोर्तुगीज शब्द कोकण किनाऱ्यावर उतरला व कोकणी आणि मराठी भाषांनी तो आपलासा केला. उत्तर भारतात हाच सण ‘बडा दिन’ व बंगालमध्ये ‘बडोदिन’ या नावाने ओळखला जातो. तेथे नाव देशी घडले. पश्चिम किनाऱ्यावर मात्र लॅटिन शब्दच थोड्या फेरफाराने नांदत राहिला. गोव्यात जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘बोआस फेस्तास’ हे पोर्तुगीज शुभेच्छावचन आणि इटालियन ‘बुऑने फेस्ते’ ही देखील एकाच घरातील भावंडे आहेत.

दिवसाशी मेळ

इटलीतील नाताळचा काळ ८ डिसेंबरला सुरू होतो, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्या दिवशी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण असतो आणि अनेक घरांत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्यास आरंभ होतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो या गावी असा देखावा सजीव रूपात उभा केला. पुढे ती प्रथा सर्वत्र रुजली. या दिवसापासून ‘बुऑने फेस्ते’ म्हणण्यास हरकत नसते. नाताळ, नववर्ष व एपिफनी हे तिन्ही सण त्या शब्दांच्या पोटात येतात.

नाताळ आपल्या माणसांबरोबर आणि ईस्टर हवे त्याच्याबरोबर, अशा अर्थाची एक म्हण इटलीत प्रचलित आहे. नाताळच्या जेवणाला सारे कुटुंब एकत्र बसते. पूर्वी मुले शाळेत तयार केलेले पत्र वडिलांच्या ताटलीखाली दडवून ठेवीत. वर्षभरातील खोड्यांबद्दल क्षमायाचना, पुढे शहाण्यासारखे वागण्याची वचने आणि आईवडिलांना शुभेच्छा असा त्यातील मजकूर असे. वडिलांना ते पत्र अवचित सापडल्यासारखे व्हावे आणि सर्वांसमक्ष ते वाचले जावे, असा संकेत होता. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘नाताले इन कासा कुपिएल्लो’ या नेपल्समधील कुटुंबावरील नाटकातही नाताळच्या अशा पत्राला स्थान आहे. शुभेच्छा देणे ही मुलाला शिकवावयाची गोष्ट आहे, हा विचार त्या प्रथेमागे होता.

३१ डिसेंबरला दिवसभर लोक एकमेकांस ‘बुऑना फीने ए बुऑन प्रिंचीपियो’, म्हणजे ‘शेवट चांगला होवो आणि आरंभही चांगला होवो’, असे म्हणतात. मध्यरात्रीचे ठोके पडले की हे वचन मागे पडते आणि ‘बुऑन आन्नो’ सुरू होते. या जेवणात मसुरीचा पदार्थ आवर्जून असतो. मसुरीच्या चपट्या दाण्यांत लोकांना नाण्यांचा आकार दिसतो. जानेवारीत एखाद्याची पहिली भेट उशिरा झाली तरी त्याला ‘बुऑन आन्नो’ म्हणण्यास हरकत नसते.

६ जानेवारीला एपिफनीचा सण येतो. ‘एपिफानिया’ या नावाचाच अपभ्रंश होऊन ‘बेफाना’ ही लोककथेतील म्हातारी जन्माला आली. ती केरसुणीवर बसून रात्री येते, चांगल्या मुलांच्या मोज्यांत मिठाई आणि खोडकर मुलांच्या मोज्यांत कोळसा ठेवते, असे सांगतात. मुलांना ‘बुऑना बेफाना’ म्हणणे योग्यच आहे. प्रौढ स्त्रीला त्या दिवशी ‘आउगूरी’ म्हणणे ही मात्र थट्टा ठरते, कारण बेफाना कुरूप व म्हातारी आहे. अतिपरिचय नसेल तेथे हा विनोद टाळावा. १९७७ च्या कायद्याने ६ जानेवारीची सार्वजनिक सुट्टी रद्द करण्यात आली होती. १९८५ च्या अखेरीस ती पुन्हा देण्यात आली. सुट्टी गेली तरी बेफाना गेली नव्हती.

ईस्टरचा दिवस दर वर्षी बदलतो. त्यापूर्वीच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या ऑलिव्हच्या डहाळ्या लोक घरी नेतात आणि शेजाऱ्यांनाही देतात. पुढे येणारा शुक्रवार ख्रिस्ताच्या मृत्यूच्या स्मरणाचा असतो. तो उत्सवाचा दिवस नव्हे, आणि ‘उत्तम’ अशा अर्थाचे विशेषण त्याला जोडून शुभेच्छा देण्याची रीत नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, ‘पास्क्वेत्ता’ असते. त्या दिवशी लोक शिदोरी घेऊन गावाबाहेर जातात व ‘बुऑना पास्क्वेत्ता’ म्हणतात.

भारतात १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन असतो. इटलीत तो ‘फेर्रागोस्तो’ असतो. सम्राट ऑगस्टसच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या प्राचीन सुट्ट्यांपासून हे नाव आले. त्याच दिवशी चर्च मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करते. कडक उन्हाळ्यात शहरे ओस पडतात, दुकाने बंद होतात आणि माणसे समुद्रकाठी वा डोंगरात जातात.

शुभेच्छा केव्हा देऊ नये हेही याच पंचांगाचे एक अंग आहे. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस होय. त्या दिवशी कुटुंबे दफनभूमीत जाऊन शेवंतीची फुले वाहतात. या प्रथेमुळे शेवंती हे इटलीत शोकाचे फूल झाले आहे. आपल्याकडे तीच शेवंती देवपूजेत, वेणीत आणि तोरणात असते. भारतातून गेलेल्या पाहुण्याने प्रेमाने शेवंतीचा गुच्छ नेला, तर यजमानाच्या चेहऱ्यावर अस्वस्थता उमटेल. त्यात त्या पाहुण्याचा दोष नसला तरी त्याने ते जाणून घेतलेले बरे.

व्यक्तीशी मेळ

इटालियनमधील ‘तू’ हे सर्वनाम मराठीतील ‘तू’ याच्याशी उच्चाराने व अर्थाने जुळते. दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषाकुलातील असल्यामुळे हे साम्य आले आहे. घरातील माणसे, मित्र व मुले यांना ‘तू’ म्हणतात. अपरिचित, वडीलधारी वा अधिकारी व्यक्तीला ‘लेई’ म्हणतात. ‘लेई’चा शब्दशः अर्थ ‘ती’ असा आहे. समोरची व्यक्ती पुरुष असली तरी हेच सर्वनाम आणि त्याच्याबरोबर तृतीयपुरुषी क्रियापद येते. ‘महाराजांनी आसन ग्रहण करावे’ असे प्रत्यक्ष महाराजांनाच उद्देशून म्हणणाऱ्या आपल्या समाजाला आदरासाठी तृतीयपुरुष वापरण्याचे नवल वाटू नये. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ साली ‘लेई’ हद्दपार करून त्याजागी ‘व्होई’ रूढ करण्याचा आदेश काढला. राजवट कोसळली आणि ‘लेई’ टिकून राहिले. दक्षिणेकडील काही भागांत वडीलधाऱ्यांना आजही ‘व्होई’ म्हणतात, ते मात्र तेथील जुन्या रिवाजाने.

म्हणून मित्राला ‘ती आउगूरो उन बुऑन नाताले’ आणि वरिष्ठांना ‘ले आउगूरो उन बुऑन नाताले’ असे लिहावे. बोलताना ‘बुऑन नाताले आ ते’ किंवा ‘बुऑन नाताले आ लेई ए फामीलिया’ म्हणावे. दुसऱ्या वाक्यात ‘आपणांस आणि कुटुंबीयांस’ असा अर्थ येतो. कोणते सर्वनाम वापरावे असा संभ्रम पडल्यास नुसते ‘तांती आउगूरी’, म्हणजे ‘अनेक शुभेच्छा’, म्हणावे. त्यात सर्वनामच नाही.

मिळालेली शुभेच्छा परत करणे हा या शिष्टाचाराचा उत्तरार्ध आहे. ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तांतो’, म्हणजे ‘आभारी आहे, आपणांसही तसेच’, हे नेहमीचे उत्तर होय. नुसते आभार मानून थांबणे थोडे कोरडे वाटते. परंतु हे उत्तर दोघांच्याही वाट्याला येणाऱ्या दिवसापुरतेच योग्य आहे. कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि आपण ‘आल्त्रेत्तांतो’ म्हटले, तर ते विनोदी ठरते, कारण त्या दिवशी वाढदिवस फक्त आपलाच असतो.

सर्वांत नाजूक प्रसंग शोकाकुल घराचा. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला आहे, जेथे कोणी आजारी आहे, तेथे ‘फेलीचे’ हा शब्द टोचतो. काहीच न बोलणे हेही माणसाला एकटे पाडते. अशा वेळी इटालियन मनुष्य ‘सेरेनो’ या विशेषणाचा आश्रय घेतो. ‘सेरेनो’ म्हणजे निरभ्र. आकाशाला लागणारा हा शब्द मनालाही लागतो. ‘उन नाताले सेरेनो’ म्हणणारा आनंदाची मागणी करीत नाही. ढग थोडे विरळ व्हावेत, एवढीच इच्छा तो व्यक्त करतो. परक्या माणसाने हा एक शब्द जरूर शिकून ठेवावा.

निराळ्या धर्माची माणसे

आजच्या इटलीत शुभेच्छा देणारा व घेणारा एकाच धर्माचे असतीलच असे नाही. रोममधील ज्यू समाज तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. अलीकडच्या दशकांत अनेक देशांतून आलेल्या लोकांची त्यात भर पडली आहे. उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यात पंजाबातून गेलेली कित्येक शीख कुटुंबे स्थायिक झाली असून, ज्या दुधापासून तेथील विख्यात चीज तयार होते त्या दुधाच्या गोठ्यांत त्यांतील पुष्कळजण काम करतात. नोव्हेल्लारा येथील गुरुद्वारा २००० साली सुरू झाला. केरळमधून गेलेल्या परिचारिका व धर्मभगिनी इस्पितळांत सेवा करतात. गाई सण पाळत नाहीत आणि रुग्णही पाळत नाहीत. नाताळच्या पहाटे धार काढावीच लागते, रात्रपाळी करावीच लागते. अशा पहाटे गोठ्याचा मालक ‘बुऑन नाताले’ म्हणाला, तर तो सण आपला नाही म्हणून गप्प राहण्याचे कारण नाही. ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तांतो’ म्हणणाऱ्याने आपला धर्म सोडलेला नसतो. शेजाऱ्याच्या आनंदाची त्याने नोंद घेतलेली असते. दुसऱ्या बाजूस, ज्याचा धर्म ठाऊक नाही त्याला ‘बुऑने फेस्ते’ म्हणावे हा समंजस मार्ग आहे. मुसलमान सहकाऱ्याला ‘बुऑन रामादान’ म्हणणारे इटालियनही आता आढळतात. नाम नवे आले तरी विशेषणाने आपला नियम पाळलेला दिसतो.

इतक्या लहान वचनांचे मोल केवढे असू शकते याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. इटलीतून अर्जेंटिनात गेलेल्या कुटुंबात जन्मलेले पोप फ्रान्सिस २० एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, संत पीटरच्या महामंदिराच्या सज्जात आले. दीर्घ आजारामुळे त्यांचा आवाज क्षीण झाला होता. परंपरेचा संदेश त्यांच्या वतीने दुसऱ्याने वाचून दाखविला. जमलेल्या जनसमुदायाला ‘बुऑना पास्क्वा’ हे शब्द मात्र त्यांनी स्वतः उच्चारले. दुसऱ्या दिवशी, पास्क्वेत्ताच्या सकाळी, त्यांचे निधन झाले.

भाषा शिकणाऱ्याने या वचनांकडे पाठांतराची यादी म्हणून पाहू नये. प्रथम नामाचे लिंग पाहावे, मग दिवस पाहावा आणि अखेरीस समोरच्या माणसाकडे नीट पाहावे. उच्चारात थोडी चूक झाली तरी हरकत नाही. ऐकणारा ती हसून सुधारून घेईल आणि ‘आल्त्रेत्तांतो’ म्हणेल. तेथून पुढे संभाषण आपोआप सुरू होते.